दोन औषधांनंतरही फिट थांबत नसेल तर

देवगडजवळच्या एका गावातून एका वडिलांनी विचारले आहे: मुलगी बावीस वर्षांची आहे आणि चौदाव्या वर्षापासून तिला फिट येतात. आधी फेनिटॉइन झाले, मग कार्बामाझेपिन झाले, आता लेव्हेटिरासेटाम आणि व्हॅल्प्रोएट अशा दोन गोळ्या एकत्र चालू आहेत. तरी महिन्याला तीन-चार फिट येतातच. एमआरआय नॉर्मल आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांनी मुंबईला, फक्त अपस्माराचेच, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजाराचेच, काम करणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टकडे जाण्यास सांगितले आहे. तिथे जाऊन वेगळे काय होणार, मेंदूचे ऑपरेशन करा असे सांगतील का, आणि घरात लग्नाचा विषय निघाला आहे त्याचे काय करायचे, असे त्यांचे प्रश्न आहेत. शेवटच्या दोन ओळींत त्यांनी आणखी लिहिले आहे की, मुलीची आई सांगते त्याप्रमाणे, फिट येण्याआधी मुलगी पोटातून काहीतरी वर येते असे म्हणते, मग एकटक बघत राहते, ओठ चाटते, हाताने ओढणी चिवडते आणि मिनिटा-दोन मिनिटांनी भानावर येते. मधले तिला काही आठवत नाही. दीड वर्षाची असताना तापात तिला मोठी आकडी आली होती आणि ती जवळजवळ अर्धा तास चालली होती.

आपण जे शेवटी, जाता जाता लिहिले आहे तिथूनच मी सुरुवात करतो, कारण आपल्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती तीच आहे. गेली चोवीस वर्षे मी अपस्माराचेच रुग्ण पाहतो, आणि त्यांतली बरीच वर्षे महिन्यातले दोन दिवस रत्नागिरी आणि कणकवलीला येऊन पाहतो. पोटातून वर चढणारी ती विचित्र भावना, त्यामागून येणारे भान हरपणे, ओठांची आणि हाताची ती निरर्थक हालचाल, हा क्रम मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातून, म्हणजे टेम्पोरल लोबमधून, सुरू होणाऱ्या फिटचा अगदी ओळखीचा क्रम आहे. त्यात लहानपणी तापात लांबलेली आकडी असेल, तर त्या लोबच्या आतल्या बाजूला असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागावर व्रण राहिला असावा अशी शंका कोणत्याही अनुभवी डॉक्टरला येईल. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करत नाही. पण ही शंका तपासल्याशिवाय सोडून देण्यासारखी नाही, कारण औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारांमध्ये शस्त्रक्रियेने बरा होण्याची शक्यता ज्या प्रकारात सर्वांत चांगली असते, त्यांपैकी हा एक आहे.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: जावे, आणि लवकर जावे.

प्रत्येक फिटच्या रुग्णाने मुंबई गाठावी असे माझे मुळीच म्हणणे नाही. जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे योग्य निदान आणि योग्य औषध मिळाले तर त्यांतले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. ते औषध तालुक्याच्या ठिकाणचा फिजिशियन देऊ शकतो, प्राथमिक आरोग्य केंद्रातही ते सुरू ठेवता येते, आणि नियमित घेतले तर बहुतेकांना त्यापलीकडे काही लागत नाही. अपस्माराच्या तज्ज्ञाचे काम उरलेल्या तिसऱ्या हिश्शासाठी आहे. आपली मुलगी आठ वर्षांनंतर त्या हिश्शात आहे, आणि आपल्या डॉक्टरांनी ते ओळखून तिला पुढे पाठवले आहे. त्याबद्दल मला त्यांचे मनापासून कौतुक वाटते.

तिथे वेगळे काय होते, तर आधी सगळे पुन्हा पहिल्यापासून विचारले जाते. पहिली भेट तास-दीड तासाची असते आणि तिचा बहुतेक वेळ बोलण्यात जातो. ही खरोखर फिट आहे का, असेल तर मेंदूच्या कोणत्या भागातली आहे, आणि औषध निष्फळ ठरले असे आपण म्हणतो ते खरेच निष्फळ ठरले आहे का, हे सर्व नव्याने तपासले जाते. अनेकदा या बोलण्यातच उत्तर सापडते. हर्णैचा एक एकोणीस वर्षांचा मुलगा तीन वर्षे फिटची दोन औषधे घेत होता. त्याच्या भावाने ट्रॉलरवर मोबाइलने घेतलेले चाळीस सेकंदांचे चित्रण मला दाखवले: ओल्या फळीवर बर्फाच्या पेट्यांशेजारी मुलगा उभा आहे, जाळे ओढता ओढता त्याचे ओठ पांढरे पडतात, तो पिळून टाकलेल्या फडक्यासारखा खाली बसतो, हातापायांना दोन-चार झटके येतात, आणि दहाव्या सेकंदाला तो डोळे नीट उघडून विचारतो, ‘‘काय झालं?’’ मोठी फिट येऊन गेलेला माणूस इतक्या लवकर इतका स्वच्छ भानावर येत नाही, आणि त्याचा चेहरा सुरुवातीलाच असा पांढराफटक पडत नाही. त्याचा ईसीजी काढला तेव्हा दोष हृदयाच्या विद्युत ठोक्यात निघाला. त्याला हृदयरोगतज्ज्ञाची गरज होती, आणि तो तीन वर्षे मेंदूच्या गोळ्या खात होता. काही रुग्णांमध्ये झटके मनावरच्या असह्य ताणातून येतात. तेही खरे असतात, रुग्ण सोंग करत नसतो, परंतु त्यांवर फिटच्या गोळ्या चालत नाहीत आणि उपचार वेगळा करावा लागतो.

म्हणून मुंबईला जाण्याआधी एक काम घरीच करा. पुढच्या एक-दोन फिटचे मोबाइलवर चित्रण घ्या. आधी तिला विचारून तिची परवानगी घ्या. फिट आल्यावर तिला कुशीवर सुरक्षित झोपवा, मग मोबाइल हातात घ्या. चेहरा आणि दोन्ही हात एकत्र दिसतील इतक्या अंतरावरून, पांघरूण बाजूला करून चित्रण करा. तिच्याशी बोलत राहा, तिला एखादा शब्द सांगा, उदाहरणार्थ ‘‘आंबा’’, आणि पूर्ण भानावर आल्यावर तो शब्द आठवतो का ते विचारा, हेही चित्रणात येऊ द्या. कोणता हात चाळा करतो आणि कोणता हात ताठर होतो, फिट संपल्यानंतर तिला शब्द लगेच सुचतात की चाचपडावे लागतात, यावरून मेंदूची कोणती बाजू ते आम्हांला बऱ्यापैकी सांगता येते. आपल्याकडे फिट आली की सगळे घर धावते आणि रुग्णाला चारही बाजूंनी घट्ट धरते. त्यात माया असते हे मला ठाऊक आहे, पण धरून ठेवल्याने फिट थांबत नाही, इजा मात्र होऊ शकते.

औषधे खरोखर निष्फळ ठरली का, हे पाहताना मी रुग्णाला घरातली गोळ्यांची पिशवी जशीच्या तशी आणायला सांगतो. त्या पिशवीतून जे कळते ते कागदावरून कळत नाही. एखाद्या पट्टीतल्या गोळ्या सकाळच्या तेवढ्याच संपलेल्या असतात आणि रात्रीच्या तशाच असतात. कधी डोस आठ वर्षांपूर्वीचा, मुलगी चौदा वर्षांची असतानाचा, तसाच चालू असतो. कोकणात आणखी एक गोष्ट मी वारंवार पाहतो, ती म्हणजे दमट हवा. पावसाळ्यात गोळ्या पट्टीतून काढून एखाद्या डब्यात भरून स्वयंपाकघरातल्या फळीवर, चुलीच्या वाफेजवळ ठेवलेल्या असतात. कार्बामाझेपिनच्या गोळ्यांना ओल लागली की त्या कडक होतात, पोटात नीट विरघळत नाहीत, आणि त्यांचा परिणाम एक तृतीयांशाने किंवा त्याहूनही अधिक कमी होऊ शकतो. व्हॅल्प्रोएटच्या गोळ्याही हवेतले पाणी ओढून घेतात आणि चिकट होतात. आपल्या मुलीचे कार्बामाझेपिन ‘‘लागू पडले नाही’’ म्हणून बंद झाले. ते कोणत्या महिन्यांत चालू होते, किती मात्रेपर्यंत वाढवले होते आणि कुठे ठेवले जात होते, हे आठवून लिहून आणा. गोळी खाण्याच्या वेळेपर्यंत पट्टीतच राहिली पाहिजे.

दुसरी गोष्ट झोपेची. अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात माझी कणकवलीची ओपीडी दरवर्षी भरून वाहते. मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेला चाकरमानी, गणपतीपुढे उजाडेपर्यंत रंगलेली भजने, पाहुण्यांच्या गर्दीत राहून गेलेली रात्रीची गोळी, एवढे पुरेसे असते. हिवाळ्यात जत्रांमध्ये पहाटेपर्यंत चालणाऱ्या दशावताराच्या रात्रींनंतरही तेच होते. अपस्मार असलेल्या माणसाने सण सोडावा असे मी कधीच सांगत नाही, कारण आधीच पुष्कळ गोष्टी त्याच्याकडून काढून घेतलेल्या असतात. आरती करावी, फुगड्या घालाव्यात, पण अकरा वाजता गोळी घेऊन झोपायला जावे आणि घरच्यांनी तिला त्या वेळी आग्रह करून बसवून ठेवू नये. ओघात सांगतो, सर्दी-पडशासाठी कापूर पोटात देण्याची पद्धत काही घरांत अजून आहे. कापूर पोटात गेल्याने निरोगी मुलालाही फिट येऊ शकते, त्यामुळे या घरात तो पूजेच्या तबकाबाहेर येऊ देऊ नये.

आता औषधांच्या हिशोबाकडे येतो, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर उभा आहे. ग्लासगो येथील डॉक्टरांनी आधी कोणताही उपचार न घेतलेल्या ४७० रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या औषधाने ४७ टक्के रुग्णांच्या फिट थांबल्या. दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधाने आणखी १४ टक्के रुग्णांच्या थांबल्या. दोन औषधे एकत्र देऊन फक्त ३ टक्के रुग्णांची भर पडली. त्यानंतर अनेक नवी औषधे बाजारात आली, त्यांचे दुष्परिणाम कमी आहेत, पण हे चित्र फारसे बदललेले नाही. याच अभ्यासांच्या आधारावर आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने २०१० मध्ये व्याख्या ठरवली: योग्य निवडलेली, योग्य मात्रेत दिलेली आणि रुग्णाला सोसवलेली दोन औषधे जर फिट थांबवू शकली नाहीत, तर तो औषधाला दाद न देणारा अपस्मार समजावा. अशा रुग्णाने पाचवे, सहावे, सातवे औषध करत वर्षे घालवू नयेत, हा त्या व्याख्येचा व्यवहारातला अर्थ आहे. प्रत्यक्षात मात्र शस्त्रक्रियेच्या विचारापर्यंत पोहोचायला रुग्णांची दहा-दहा, वीस-वीस वर्षे जातात, आणि ही श्रीमंत देशांतलीही गोष्ट आहे. तोवर शिक्षण अर्धवट सुटलेले असते, नोकरी गेलेली असते, स्मरणशक्ती झिजलेली असते. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण लपवणेही योग्य नाही: ज्यांच्या फिट आटोक्यात नाहीत त्यांच्यात झोपेत किंवा फिटनंतर अचानक मृत्यूचा धोका असतो, सर्व प्रौढ रुग्ण मिळून पाहिले तर तो वर्षाला हजारात एक इतका आहे, आणि वारंवार मोठ्या फिट येणाऱ्यांत त्याहून जास्त. थांबून राहणे हाही एक निर्णयच असतो आणि तो निर्धोक नसतो.

मुंबईच्या तपासण्यांत एमआरआय पुन्हा होईल, आणि ‘‘एकदा झालाय ना, नॉर्मल आलाय ना’’ असे म्हणून आपण तो टाळू नये. डोकेदुखीसाठी काढतात तसा नेहमीचा एमआरआय आणि अपस्मारासाठीचा एमआरआय यांत फरक असतो. हिप्पोकॅम्पस हा करंगळीएवढा वळलेला भाग आहे. त्याच्या लांबीला काटकोनात, अगदी पातळ थरांत चित्रे घेतली आणि ती या विषयातल्या जाणत्या रेडिओलॉजिस्टने पाहिली, तरच तो आक्रसला आहे, त्यावर व्रण आहे, हे दिसते. फिल्मवर चित्र असूनही अहवालात ‘‘नॉर्मल’’ लिहिलेले मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून जुन्या तपासणीची सीडी सोबत न्यावी, नुसता कागद नव्हे. एमआरआयमध्ये आपल्या देशात आणखी एक कारण हमखास शोधले जाते, ते म्हणजे मेंदूत शिरलेल्या फीतकृमीच्या अळीची गाठ. तिची अंडी मैलामिश्रित पाण्यातून आणि न धुतलेल्या कच्च्या भाजीतून पोटात जातात, त्यामुळे ती शाकाहारी घरातही आढळते. आपल्या मुलीच्या वर्णनाशी मात्र ती तितकीशी जुळत नाही.

ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, आपण केलाच असेल. वीस-तीस मिनिटांच्या एका ईईजीत निम्म्याच रुग्णांच्या दोषलहरी सापडतात, म्हणून ईईजी नॉर्मल आला याचा अर्थ अपस्मार नाही असा होत नाही. तज्ज्ञांकडे व्हिडिओ ईईजी करतात. तिला तीन ते सात दिवस दाखल करतील, डोक्याला बारीक तारा चिकटवतील, समोर कॅमेरा लावतील, औषध हळूहळू कमी करतील आणि फिट येण्याची वाट पाहतील. ज्या फिटला आपण आठ वर्षे घाबरत आलो ती मुद्दाम येऊ द्यायची, हे ऐकून नातेवाईक हबकतात. पण ती तिथे परिचारिकांच्या नजरेखाली, औषध हाताशी असताना येते, आणि तिच्या पहिल्या काही सेकंदांत मेंदूचा कोणता कोपरा पेटला ते लहरींवर दिसते. शेजारी एक जण चोवीस तास लागतो, त्यामुळे घरातल्या दोघांनी पाळी लावून जावे. सोबत मानसशास्त्रज्ञ स्मरणशक्तीची आणि भाषेची सविस्तर चाचणी घेतात. ती मराठीतून व्हावी असा आग्रह धरा. मालवणीत विचार करणाऱ्या मुलीला इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करायला लावून तिची स्मरणशक्ती मोजता येत नाही.

यानंतर, एमआरआयमधला व्रण, फिटची सुरुवात आणि तिचे वर्णन हे सगळे एकाच जागेकडे बोट दाखवत असेल, तरच शस्त्रक्रियेचा विषय निघतो. कोणीही पहिल्या भेटीत ‘‘ऑपरेशन करा’’ म्हणणार नाही, आणि कोणी म्हणाले तर दुसऱ्या ठिकाणी मत घ्या. ही शस्त्रक्रिया नवीन नाही. भारतात ती १९५२ मध्ये वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी केली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून अपस्मार शस्त्रक्रियेचा मोठा कार्यक्रम चालू आहे, आणि नेत्रावती एक्स्प्रेसने रत्नागिरीहून तिथे जाऊन आलेले माझे रुग्ण आहेत. मुंबईत केईएमसारख्या सार्वजनिक रुग्णालयातही हे काम होते. शासकीय योजनेतून किती खर्च भागेल हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्यावे.

फायदा किती, हेही आकड्यांत सांगतो. कॅनडात टेम्पोरल लोब अपस्माराच्या ८० रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ४० जणांना शस्त्रक्रियेकडे पाठवले, ४० जणांची औषधे चालू ठेवली. वर्षाअखेरीस भान हरपणाऱ्या फिटपासून मुक्त असे पहिल्या गटात ५८ टक्के होते, दुसऱ्या गटात ८ टक्के. दिल्लीच्या एम्समध्ये ११६ मुलांवर तसाच अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांत ७७ टक्के फिटमुक्त, औषधांवर राहिलेल्यांत ७ टक्के. औषधांच्या बाबतीत इतका फरक मी माझ्या कारकिर्दीत कधी पाहिलेला नाही.

धोका आहे. वैद्यकशास्त्राला तो एका माणसामुळे फार महाग किंमत मोजून कळला. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या फिट थांबवण्यासाठी डॉ. विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस काढले. फिट पुष्कळ कमी झाल्या, पण त्यानंतरची पंचावन्न वर्षे, २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत, नवी आठवण त्याच्या मनात टिकली नाही. तीच व्यक्ती खोलीबाहेर जाऊन परत आली की त्याला ती नव्याने भेटायची. आज फक्त एकाच बाजूचा, आजारी असलेला भाग काढतात, आणि दुसरी बाजू आठवणींचा भार पेलू शकते का हे आधी तपासतात. ती स्मरणशक्तीची लांबलचक चाचणी त्यासाठीच असते. तरीही डाव्या बाजूची शस्त्रक्रिया असेल तर नावे, शब्द आठवण्यात काहीशी अडचण येऊ शकते, दृष्टीच्या वरच्या कोपऱ्यात थोडी कमतरता राहू शकते, आणि क्वचित रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग होतो. हे सगळे तिला समजेल अशा भाषेत सांगितले पाहिजे आणि होकार तिचा असला पाहिजे. शस्त्रक्रियेनंतरही गोळ्या बराच काळ चालू राहतात.

तपासण्यांनंतर शस्त्रक्रिया शक्य नाही असे ठरले, तर मार्ग संपत नाहीत: औषधांची वेगळी जोडी, मानेतल्या व्हेगस नसेला ठराविक वेळाने सूक्ष्म विद्युतप्रवाह देणारे यंत्र, काही रुग्णांत चरबीप्रधान कीटोजेनिक आहार. या आहाराबद्दल कळल्यावर ‘‘मग खोबरेल पाजू का?’’ असे आपल्याकडचे लोक हटकून विचारतात. खोबरेल त्या आहारात वापरतात हे खरे, पण तो आहार ग्रॅममध्ये तोलून, आहारतज्ज्ञ आणि डॉक्टर यांच्या देखरेखीखालीच करायचा असतो. चमचाभर खोबरेल भातावर घेतल्याने फिट थांबत नाही.

लग्नाबद्दल आपण विचारले आहे, आणि त्यात एक तातडीची गोष्ट आहे जी आपल्या लक्षात आलेली दिसत नाही: व्हॅल्प्रोएट. गरोदरपणी हे औषध चालू असेल तर शंभरातल्या सुमारे दहा बाळांत जन्मजात मोठे व्यंग आढळते, एरवी हे प्रमाण दोन-तीन असते. आणि शंभरातल्या तीस ते चाळीस मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी दिसतात. त्यामुळे मूल होण्याच्या वयातल्या मुलीला, दुसरा पर्याय असताना, हे औषध देऊ नये असे आता जगभर मानले जाते. ते आजच्या आज बंद करू नका; अचानक बंद केल्यास एकामागून एक फिट येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. पण पहिल्याच भेटीत हा प्रश्न स्वतःहून काढा. लेव्हेटिरासेटाम आणि लॅमोट्रिजिन ही औषधे या बाबतीत बरीच सुरक्षित आहेत, आणि योग्य औषधावर, फॉलिक ॲसिड घेऊन, अपस्मार असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना निरोगी मुले होतात.

कायद्याने अपस्मार हा लग्नाला अडथळा राहिलेला नाही. हिंदू विवाह कायद्यात तो शब्द होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो काढून टाकला. अडथळा असतो तो लपवण्याचा. लग्नात सांगितले नाही, म्हणून सासरी गोळ्या लपवून घ्याव्या लागतात, मग चुकतात, मग पंधराव्या दिवशी स्वयंपाकघरात सगळ्यांदेखत फिट येते, आणि मग फसवणुकीचे आरोप होऊन मुलगी परत माहेरी येते. अशा किती मुली मी पाहिल्या, त्यांच्या रडण्याचे कारण आजार नव्हता. मुलाकडच्यांना आधी सांगा. हवे असेल तर मुलाला माझ्याकडे किंवा आपल्या डॉक्टरांकडे घेऊन या, आम्ही त्याच्याशी बोलू. आणि शक्य असेल तर तपासण्या पूर्ण होईपर्यंत लग्नाची बोलणी थांबवा. लग्न केल्याने फिट जातात ही समजूत अजून ऐकू येते. ती पूर्णपणे चुकीची आहे.

तोवर घरात काळजी घ्यायची ती थोडी पण नेमकी. विहिरीवर पाणी काढायला आणि वहाळावर कपडे धुवायला तिने एकटीने जाऊ नये, साकवावरून जाताना कोणी सोबत असावे. न्हाणीघराला आतून कडी लावू नये, दार नुसते लोटावे. अंघोळ तांब्याने बसून करावी. पेजेचे भांडे चुलीवरून उतरवण्याचे काम दुसऱ्याने करावे. समुद्रात पोहणे आणि स्कूटर चालवणे सध्या बंद. वाहन परवान्याच्या अर्जातच फिटबद्दल विचारलेले असते आणि तिथे खोटे लिहू नये. बाकी शिक्षण, नोकरी, शिवणकाम, बाजार, नाटक, काहीही बंद करण्याचे कारण नाही. मोठी फिट आली तर कुशीवर वळवावे, डोक्याखाली काही मऊ ठेवावे, घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नये. कांदा आणि चप्पल हुंगवण्याने काहीही होत नाही, फिट आपोआप थांबते तेव्हा श्रेय त्यांना मिळते एवढेच. पाच मिनिटांत थांबली नाही तर ती तातडीची अवस्था असते. आपल्या गावापासून रुग्णालयाला तास लागत असेल, तर नाकात फवारायचे मिडॅझोलाम घरात ठेवण्याविषयी डॉक्टरांना विचारा आणि ते वापरायला घरातल्या दोघांनी शिकून घ्या.

आपण लिहिले आहे की घरच्यांनी ग्रामदेवतेला कौल लावला, गाऱ्हाणे घातले, आणि ‘‘भायरचा कायतरी आसा’’ असे एकाने सांगितले. गाऱ्हाणे घालण्याला माझी हरकत नाही. माझी आईही वेंगुर्ल्याला घालत असे, आणि त्याने घरच्यांना धीर येतो. हरकत दोनच गोष्टींना आहे: त्यासाठी गोळ्या बंद करण्याला, आणि मुलीला हे तिच्यात काहीतरी शिरले आहे असे सांगण्याला. चरकसंहितेत अपस्मार हा रोग म्हणूनच वर्णिला आहे, स्मृती जाणे म्हणजे अपस्मार, आणि त्यावर औषधे सांगितली आहेत. म्हणजे आपल्या परंपरेतल्या वैद्यांनीही त्याला आजारच मानले होते.

पहिल्या भेटीला जाताना फिटच्या तारखांची वही, मोबाइलमधले चित्रण, एमआरआयची सीडी, जुने सगळे कागद आणि गोळ्यांची पिशवी न्यावी. तिला डॉक्टरांशी काही वेळ एकटीने बोलू द्यावे, कारण आपल्या एवढ्या मोठ्या पत्रात तिला स्वतःला काय हवे आहे याची एकही ओळ नाही. आणि तिच्या आईंना अवश्य सोबत न्या. पोटातून वर येणाऱ्या त्या भावनेपासून ओढणी चिवडण्यापर्यंत फिट जवळून पाहिली आहे ती त्यांनीच.